लिंबगल्लीचा दुसरा अर्ज

"अण्णा, मी चालायला जागा मागितली होती. तुम्ही तर ट्रकला रस्ता दिला की!"

रजियाबी चाची तहसील कार्यालयासमोरच्या माझ्या टेबलावर दोन्ही हात टेकून बोलत होत्या. लिंबगल्लीतील पाचही कडुलिंबांवर त्या सकाळी पालिकेच्या माणसांनी लाल आकडे टाकले होते. रस्ता रुंद होणार, झाडे जाणार, आणि ही मागणी खुद्द गल्लीकरांचीच आहे, असे त्यांना सांगण्यात आले होते.

तो अर्ज मी लिहिला होता.

मी अर्जनवीस आहे. म्हणजे लोकांच्या वतीने सरकारदरबारी अर्ज लिहून देणारा. शिक्षण सातवीपर्यंत. तथापि उमरगा तालुक्यात माझ्या मसुद्याला वजन आहे, हे नमूद करणे भाग आहे.

गल्लीची अडचण साधी होती. हायवेवरची कोंडी चुकविण्यासाठी ट्रक गल्लीतून घुसत. चाचींचे पती युसूफचाचा यांच्या पायाला साखरेच्या आजारामुळे जखम झाली होती. पट्टी बदलण्यासाठी ते रोज सरकारी दवाखान्यात चालत जात, कारण रोजची रिक्षा परवडत नव्हती. ट्रक आला की त्यांना उघड्या गटारीत उतरावे लागे. जखम चिघळली. पाय पुन्हा घाणीत गेला तर तो कापावा लागेल, असे डॉक्टरांनी बजावले होते.

रस्त्यासंबंधीच्या अर्जासाठी माझा एक ठरलेला मसुदा आहे : "सदर रस्ता अरुंद असून त्याचे रुंदीकरण करावे व अडथळे दूर करावेत." मी तोच उतरवून दिला. शेवटी नेहमीचे वाक्य घातले : "वरील मजकूर अर्जदारांना वाचून दाखविला असून तो त्यांना मान्य आहे." प्रत्यक्षात वाचून दाखविला नव्हता. कागद घरोघर फिरला आणि सह्या-अंगठे होऊन परत आला.

मी तडक पालिकेत इंजिनिअरसाहेबांकडे गेलो.

"साहेब, चूक माझी आहे. तो अर्ज मी मागे घेतो."

"तुम्ही कसा मागे घेणार, अण्णा? तुमची सही कुठंय त्यावर?" साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "ज्यांनी सह्या केल्या, त्यांनी लेखी द्यावं. आणि नुसतं नको म्हणू नका. काय पाहिजे ते जागेवर दाखवा. सोमवारी मोजणीला येतोय."

रविवारी सकाळी मी गल्लीत खुर्ची टाकून बसलो आणि पहिला अर्ज सर्वांसमक्ष मोठ्याने वाचला. वाचून संपल्यावर किराणा दुकानदार बसवराज सावकार म्हणाले, "म्हंजे माझा ओटा बी जाणार व्हय? आन् सई माझीच?"

"होय. दोष माझा आहे. आता दुसरा अर्ज तुम्ही सांगा, मी लिहितो."

मी 'पदपथ' असे लिहून वाचले.

"ते काय असतंय?" मागून कोणी विचारले.

"चालायची वाट."

"मग तसंच लिवा की!"

मी खोडले. एरवी माझ्या मसुद्याला कोणी हात लावलेला मला खपत नाही. त्या दिवशी चार कागद खोडून झाले.

मग चाचींनी मार्ग काढला. युसूफचाचा काठी टेकत चालू लागले आणि सावकार त्यांच्या बाजूने पांढऱ्या फक्कीची रेघ ओढत निघाले. चाचांना जिथे खाली उतरावे लागे, तिथे फुली. लिंबांच्या सावलीतून रेघ सरळ आली आणि सावकारांच्याच दुकानाच्या पायऱ्यांशी थांबली.

"सावकार, आता तुमची पायरी," चाची म्हणाल्या.

"माझं गिऱ्हाईक काय उडत येणार?"

"गिऱ्हाईक बी चालतच येतंय न्हवं?"

चाचा एका पायावर भार देऊन उभे होते. सावकारांनी त्यांच्याकडे पाहिले आणि स्वतःच्या पायरीवर फुली मारली. त्यानंतर इतर कोणाच्या ओट्यावरून वाद झाला नाही. अर्जात मागण्या आल्या : झाडे राहू द्यावीत, गटारीवर फरश्या टाकाव्यात, फुली मारलेले ओटे-पायऱ्या मागे घ्याव्यात आणि ट्रक अडविण्यासाठी गल्लीच्या तोंडाशी खांब रोवावेत.

सोमवारी साहेब त्या रेघेवरून टोकापर्यंत चालले. हरकत एकच निघाली. "तोंडाशी खांब रोवले तर ट्रक थांबतील. पण ॲम्ब्युलन्स कशी येणार?"

"मधला खांब काढघालीचा करा. कुलूप लावा, किल्ली माझ्या दुकानात," सावकार म्हणाले. मी ते तिथल्या तिथे अर्जात घातले, पूर्ण अर्ज पुन्हा वाचून दाखविला आणि मगच सह्या घेतल्या.

रुंदीकरण रद्द झाले. गटारीवर फरश्या बसल्या, तोंडाशी खांब आले. एक लिंब आतून पोकळ निघाल्याने तोडावा लागला, चार राहिले. काम होईपर्यंत गल्लीकर पाळीपाळीने युसूफचाचांना मोटारसायकलवरून दवाखान्यात नेत होते. पायाचे एक बोट गमवावे लागले, पण पाय वाचला. आता ते फरश्यांवरून एकटे जातात.

तेव्हापासून मी अर्ज वाचून दाखवितो, आणि "इथं चुकलंय" असे अर्जदाराने एकदा तरी म्हटल्याशिवाय सही घेत नाही. कोणी काहीच म्हटले नाही, तर ऐकले नाही असे समजून पुन्हा पहिल्यापासून वाचतो.