एका वाक्यात सापडलेले बाबा

ऑफिसात सगळे तिला परवानाबाई म्हणत. फोटो पुरवणाऱ्या त्या कंपनीत एकवीस वर्षं तिचं एकच काम: फोटोतल्या माणसाची लेखी संमती असल्याशिवाय तो कुणालाही वापरू द्यायचा नाही. मोठमोठी गिऱ्हाइकं विनवण्या करत, पण बाई ढिम्म हलत नसे.

हल्ली फोटो शोधणं सोपं झालंय. मनातलं वाक्य सरळ लिहायचं, की कॉम्प्युटर लाखोंतून फोटो काढून देतो. परवा वृद्धांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेनं जाहिरातीसाठी लिहिलं, 'येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघत बसलेला, एकटा पडलेला म्हातारा.' पहिल्याच फोटोत बाईचे वडील! तिच्याच इमारतीबाहेरच्या बाकावर.

बाईचं डोकंच फिरलं. मेल्या यंत्राला काय कळतंय? बाबा रोज संध्याकाळी मित्रांशी गप्पा मारायला खाली उतरतात, हे तिला चांगलं ठाऊक होतं. मग हट्टाला पेटून तिनं तासभर वाक्यं लिहिली. 'समाधानी आजोबा.' 'निवांत बसलेले आजोबा.' 'मित्राची वाट बघणारे हसरे आजोबा.' ढीगभर आजोबा आले, तिचे बाबा काही आले नाहीत.

फोटो काढणाऱ्याला बाबांनी साधी संमती दिलेली होती. पण अशा नाजूक विषयाला वेगळी सही लागते, आणि हा नियम बाईनंच आग्रहानं पाळायला लावलेला. बाबा नाही म्हणाले की विषय संपला, या आशेवर ती कागद घेऊन घरी गेली.

बाबांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"फोटो झकास आलाय की!"

"बाबा, यात तुम्हाला एकटा पडलेला म्हटलंय. सरळ नाही म्हणा. खाली तुमचे ते दोघं मित्र असतात ना?"

"कुठले गं? एक मुलीकडे राहायला गेला, दुसरा कायमचाच गेला. दोन वर्षं होतील आता."

बाईला हे माहीतच नव्हतं. याची तिला भयंकर लाज वाटली.

"मग रोज खाली कशाला जाता?"

"घरात आलीस की तू फोनवर असतेस. खाली बसलो की आत शिरताना मला हात तरी करतेस." बाबांनी कागद गुडघ्यावर सरळ केला. "खोटं काही लिहिलेलं नाही. दे पेन."

पर्समध्ये तीन पेनं होती.

"सापडत नाहीये," बाई म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.