पालथे अण्णा

शुद्धलेखनाच्या चुका माफ असाव्यात. मी चौथीपर्यंत शिकले, आणि अक्षर म्हणाल तर भाताच्या खाचरात बगळे उतरल्यासारखं, एक इथं, एक तिथं. ही वही कुणाला दाखवायची नाही, तरी माफी मागून ठेवलेली बरी.

अण्णांकडं कुठलाही सरकारी कागद नेला की ते आधी तो टेबलावर पालथा ठेवायचे. म्हणून आमच्या जोयडा गावात त्यांना सगळे पालथे अण्णा म्हणत. रेल्वेतून कारकून म्हणून निवृत्त झालेले, झेरॉक्सच्या दुकानाबाहेर पत्र्याखाली बसून लोकांचे फॉर्म भरून द्यायचे. पालथ्या कागदावर मूठ ठेवून म्हणायचे, "कागद काय म्हणतोय ते मी वाचीन. तू काय केलंस ते तोंडानं सांग." आणि मला नेमकं तेच जमत नसे. कंडक्टरला गावाचं नाव सांगायचं तरी मी शेजारणीला पुढं करते.

माझी भानगड अशी. आम्ही नऊ बायका नदीकाठच्या एका रिसॉर्टात पाळीपाळीनं स्वयंपाक करत होतो. पॅन कार्ड फक्त माझ्याकडं, म्हणून नऊ जणींचे पैसे माझ्या खात्यात यायचे आणि मी वाटून द्यायचे. दर महिन्याला थोडे कमी यायचे. का, ते विचारायची मला लाज वाटायची. वर्ष संपल्यावर कळलं, रिसॉर्टनं कर खात्याला कळवलंय की मी त्यांची सल्लागार आहे आणि सगळी कमाई माझी एकटीची. त्यावर सत्तावीस हजार कर कापलेला. मागोमाग रेशनची नोटीस आली. एवढी मिळकत असताना कार्ड रद्द का करू नये? आमच्या घरातली पाच माणसं त्या कार्डाच्या तांदळावर जेवतात.

"सल्ला कशाचा देत होतीस, तंगेव्वा?" अण्णांनी विचारलं. कानडीत धाकट्या बहिणीला म्हणतात तसं ते मला म्हणायचे.

"मीठ जास्त झालंय, एवढाच."

ते हसले नाहीत. कच्च्या कागदावर तेवढंच लिहून घेतलं.

मी हळूच म्हणाले, "अण्णा, काहीच मिळालं न्हाई असं लिहा की."

तेव्हा मात्र ते चिडले. "का? फुकट राबलीस? मिळालं तेवढं लिहायचं. कमी न्हाई, जास्त न्हाई. चूक रिसॉर्टची हाय, दुरुस्त त्यांनीच करायची. आणि सांगायला तूच जायचं."

मी म्हटलं, तुम्हीच चला. तर म्हणाले, "मी काय भाकऱ्या भाजल्या तिथं?"

इकडं गावात माझं नाव सल्लागारीणबाई पडलं होतं. माझी जाऊ सुनंदा, आमच्या नऊ जणींतलीच, पाण्याच्या नळावर सगळ्यांसमोर विचारायची, "काय सल्लागारीणबाई, आमचे तीन-तीन हजार कुठल्या सल्ल्यात गेले?" मला उत्तर सुचायचं, पण घरी येऊन घागर उतरवल्यावर.

अण्णांनी माझी तालीम घेतली. स्वतः मॅनेजर व्हायचे, चष्मा नाकावर ओढून गुरकावायचे, "काय पाहिजे?" मी पदर तोंडात धरायचे. "पदर खाऊन पैसे मिळत न्हाईत," म्हणायचे आणि परत पहिल्यापासून. झेरॉक्सला आलेली माणसं रांगेत उभी राहून माझं नाटक बघायची. चार वाक्यं मी पाठ केली.

खऱ्या मॅनेजरसमोर त्यातलं एकही आठवलं नाही. मी दारात उभी राहून एवढंच म्हणाले, "साहेब, मी सल्ला दिला न्हाई. भाकऱ्या केल्या. आम्ही नऊ जणींनी केल्या."

मॅनेजर हसला. मग हिशेबाच्या माणसाला बोलावून त्यानं विचारलं, आणि हसायचा थांबला. पंधरा दिवसांत रिसॉर्टनं कराचा फॉर्म दुरुस्त करून दिला, शिवाय कुणाला किती पैसे मिळाले त्याची नऊ नावांची यादी. ती यादी बघून रेशनवाल्यांनी कार्ड ठेवलं. कापलेले पैसे परत मागायचा अर्ज अण्णांनी भरला. फी विचारली तर म्हणाले, "पैसे हातात पडू देत, मग बघू."

श्रावणात ते डोळ्याच्या ऑपरेशनला मुलाकडं धारवाडला गेले आणि तिथंच वारले. मला चार दिवसांनी कळलं, तेही झेरॉक्सच्या दुकानात. पत्र्याखालचं टेबल आत सरकवलेलं होतं. मी एका कागदाची प्रत काढायला गेले होते. ती न काढताच परत आले.

गणपतीच्या चवथीआधी सत्तावीस हजार खात्यात आले. माझे तीन हजार ठेवून सात जणींना घरोघरी जाऊन दिले. सुनंदानं दोनदा मोजले. "हाईत बरोबर," म्हणाली आणि आत जाऊन माझ्यासाठी चहा टाकला.

राहिली नववी, गंगूअक्का. ती लेकीकडं गोव्यात कुळ्याला राहायला गेलेली. मी कॅसलरॉक स्टेशनवर जाऊन एकटीनं रेल्वेचं तिकीट काढलं. गाडीत दोन बायांना विचारून योग्य ठिकाणी उतरले, दोघींनाही दोन-दोनदा विचारून. गंगूअक्का ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी नोटा पुढं केल्या तर म्हणाली, "कसले गं पैसे?"

मग मी तिच्याजवळ बसले आणि तिला सगळं सुरुवातीपासून सांगितलं. बराच वेळ लागला. मध्ये ती हसली, मध्ये तिनं डोळे पुसले. मग एकेक नोट उजेडात धरून मोजली आणि पदराच्या गाठीला बांधली. नऊ जणींचे सगळे पैसे फिटले. राहिली ती अण्णांची फी.