दुपारची झोप आणि कानबाई

त्या श्रावणात मला झोपेचीच भीती बसली होती. लूमच्या कारखान्यात माझी रातपाळी. सकाळी कोसाडला घरी यायचं, भाकरी खायची आणि खिडकीला चादर लावून पडायचं, ही जुनी सवय. पण शेजारच्या मशीनवरच्या माणसाचा हात माझ्या डोळ्यांदेखत पट्ट्यात गेला आणि तेव्हापासून दुपार मला खायला उठायची. डोळा लागला की मशीन सुरू. कापड निघतच राहायचं आणि त्यात माझी मुलगी गुंडाळली जायची. तिचं तोंड झाकलं जायचं तेवढ्यात मी ओरडून जागा व्हायचो.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. आमच्याकडे वाईट स्वप्न तोंडातून काढत नाहीत, काढलं तर खरं होतं म्हणतात. त्यावर उपाय म्हणून उशाखाली लोखंड ठेवतात. मीही बायकोच्या नकळत भाजी चिरायची सुरी ठेवली, एवढा मी शहाणा. एका दुपारी ओरडत उठलो तर सुरी माझ्या मुठीत होती आणि पोर भिंतीला चिकटून उभी होती. ती रडलीसुद्धा नाही. त्या दिवसापासून मी आडवा झालो की ती शेजारणीकडे जाऊन बसायची. माझ्याच हातून हिचं काही बरंवाईट होणार का, या विचारानं मी पडल्या पडल्या डोळे उघडे ठेवून पहारा द्यायचो.

अशातच कानबाई आली. आम्हा खानदेशी लोकांची ही माय, नारळाला डोळे आणि नथ लावून श्रावणात घरोघरी बसवतात. सोमवारी तिला वाजतगाजत तापीवर विसर्जनाला नेलं. मी गेलो, पण तिच्यासमोर जायची हिंमत होईना, म्हणून बाजूला उभा राहिलो. एक अनोळखी म्हातारी जवळ आली.

"काय व्हयनं रे भाऊ? डोया लाल शेतस तुना."

"झोप नही लागस, माय."

"सपनमा काय दिसस?"

ते तोंडातून काढायचं नाही, म्हणालो. ती म्हणाली, "सांग. कानबाई आयकी राहिनी."

मी सगळं सांगून टाकलं. "मंग पुढे?" तिनं विचारलं. पुढे काही नाही, जाग येते, म्हणालो.

"तठेच सोडस म्हनीसन ते रोज येस. मायनं नाव लीसन मशीन बंद कर. आते, जागेपनी."

मी डोळे मिटले. मायचं नाव घेतलं, मनातल्या मनात मशीनचं बटण दाबलं आणि पोर बाहेर येईपर्यंत कापड उलगडत राहिलो. डोळे उघडले तेव्हा कानबाई पाण्यात उतरली होती आणि म्हातारी गर्दीत दिसेनाशी झाली होती. तिचं गाव विचारायचंही राहून गेलं.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. सुरी ओट्यावर गेली. मग दवाखान्यातही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, दिवसा दाबलेली भीती झोपेत वर येते, मन ती पचवू पाहतं. झोपण्याआधी रोज असंच मनात मशीन बंद करत राहा. मी करतो. स्वप्न अजून येतं. चादर लावताना अजून भीती वाटते. फरक एवढाच की पहारा मी सोडला, पोरीला कानबाईच्या हवाली करून डोळे मिटतो.

एका दुपारी मात्र मला झोपेतच बटण सापडलं. जागा झालो तर पोर माझ्या दंडावर डोकं ठेवून झोपली होती. कधी आली, कळलंच नाही. माय, माझी भीती घेऊन जा, असं मी तुला मनात म्हणत होतो. ती तू माझ्याजवळच ठेवलीस आणि लेक परत दिलीस. हात बधिर झाला होता, पण ती उठेपर्यंत मी हललो नाही.