समूहगीताची पट्टी

आमच्या शाळेच्या वेळापत्रकात शुक्रवारी शेवटचा तास संगीताचा आहे. संगीताचे शिक्षक मात्र नाहीत, त्यामुळे इतकी वर्षं त्या तासाला मी भागाकार घेत आले. इटियाडोह धरणाच्या कालव्याखालचं गाव, चौथीपर्यंतची जिल्हा परिषद शाळा, शिक्षक दोन. विचारायला कोण येणार? मग गावातल्या एका आजोबांनी, आयुष्यभर नाटकांत वाजवलेली आपली पेटी शाळेला देऊन टाकली, आणि पाठोपाठ पंधरा ऑगस्टच्या समूहगीत स्पर्धेचं पत्र आलं. आमचे हेडमास्तर गोंदिया शहरातले. ते म्हणाले, "मॅडम, आपको तो पेटी आती है ना? बस, हो गया."

पेटी मला येत होती ती एवढीच: लहानपणी तीन महिन्यांचा क्लास, आणि तोही एकाच पट्टीत, काळी पाचमध्ये. माझा आवाज जाड, तिथे तो आरामात बसतो. मुलांनाही मी तिथेच बसवलं. मुलं गाण्यापेक्षा घुमतच होती, पण निदान एकत्र घुमत होती. फक्त तिसरीतली एक मुलगी दर ओळीला वर निसटायची. रोजच्या सरावात चार दिवस मी समजावून पाहिलं. राग तसा माझ्या नाकावरच असतो. पाचव्या दिवशी मी तिला म्हणाले, "तू नुसते ओठ हलव. आवाज काढू नकोस."

तिने ते तंतोतंत पाळलं. आठवडाभरात ती हजेरीलासुद्धा नुसता हात वर करू लागली. मला ती शिस्त वाटली, हे आज सांगताना लाज वाटते.

मग एक दिवस तिची आई आली, धानाच्या रोवणीतून थेट, पाय चिखलाने भरलेले. व्हरांड्यातच उभी राहून तिने विचारलं, "काऊन जी मॅडम, माह्या पोरीले गाऊ नोको म्हनून सांगतलं काय तुमी? घरी बी गाना बंद हाय तिचा. धड बोलत बी नाही." मी म्हटलं, ती बेसूर गाते.

"बेसूर?" ती म्हणाली. "एखांद्या रोजी बांधीत येऊन आयका."

रविवारी मी त्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात गेले. खरं तर माझंच बरोबर आहे, हे सिद्ध करायला गेले होते. दहा-बारा बायका वाकून रोवत होत्या. आई एक ओळ म्हणायची, बाकीच्या ती उचलायच्या. पाणी घेऊन आलेली ती मुलगी मला बघून तोंड मिटून उभी होती. मी शेताच्या कडेला धुऱ्यावर बसून राहिले. तासाभराने ती मला विसरली. आईची ओळ संपताच तिने पुढची धरली, उंच, मोकळी आणि अगदी सुरात. पोरगी निसटत नव्हतीच. माझ्या पट्टीपर्यंत खाली उतरणं तिच्या गळ्याला शक्यच नव्हतं. बाकीच्यांनाही ते जमत नव्हतं, त्यांनी ते घुमून झाकलं होतं इतकंच.

सोमवारी मी वर्गाला सरळ सांगितलं की चूक माझी होती. भागाकार चुकला तर खोडून पुन्हा करता येतो, ही चूक कशी खोडायची ते मला ठाऊक नव्हतं. पेटीवर चढी पट्टी, पांढरी तीन धरली आणि तिला म्हटलं, "तू सुरू कर." ती बसूनच राहिली. माझाच धीर सुटला, म्हणून मीच गाऊन दाखवायला गेले आणि पहिल्याच ओळीला माझा आवाज फाटला. पोरं खदखदून हसली. ती हसली नाही. कपाळाला आठ्या घालून तिने माझ्याकडे पाहिलं.

"तुमच्याच्यानं नाही होत जी मॅडम," ती म्हणाली. "मले म्हनू द्या."

तिने सुरू केलं. वर्ग तिच्या मागे आला. मला इतका आनंद झाला की भाता मारायचंच राहिलं, आणि पहिलं कडवं पोरं पेटीशिवाय गाऊन मोकळी झाली.