घंगाळातला समुद्र

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच कुणी हसलं की मी अडखळतो आणि मला वाटू लागतं की चूक माझीच होती. तशी ती नव्हती! निदान अर्ध्यापर्यंत तरी नव्हती.

मी एम.ए. झालेला माणूस. सारा जन्म हायस्कुलात भूगोल शिकवला, इभ्रतीनं पेन्शनीत निघालो. आणि सोलापुरातली आमची अख्खी गल्ली आज मला काय म्हणते? 'नीळवाले मास्तर'! हा काय न्याय झाला?

तीस सालचा उन्हाळा होता. समुद्रकाठचे लोक खारं पाणी आटवून मीठ काढत होते, सरकारचा मिठाचा कायदा मोडत होते आणि हसत हसत तुरुंगात जात होते. आमची गल्ली रोज संध्याकाळी वर्तमानपत्र ऐकायची आणि हळहळायची, की सोलापूरला समुद्र असता तर आपणही दाखवलं असतं! वर्तमानपत्र वाचून कोण दाखवायचं? मीच. पण वाचून झालं की घडी घालायची आणि विसरायचं, ही माझी जुनी खोड.

रस्त्यावर रोज मिरवणुका. माझा मुलगा कुर्डुवाडीला रेल्वेत; त्याच्या दोन मुली शिकायला आमच्याकडे होत्या. कमल नऊ वर्षांची, मनू सहाची. मुलाचं पत्र आलं, 'सध्या मुलींना शाळेत धाडू नये. आपणच घरी शिकवावे.'

झालं! मला रात्रभर झोप नाही. वर्गात साठ पोरं असली की निम्मी झोपलेली असतात, चूक झाली तरी खपते. दोन नाती समोर बसल्या तर कुठं लपणार?

पहिल्याच सकाळी मनूनं विचारलं, "आजोबा, समुद्र केवढा असतो? सिद्धेश्वराच्या तळ्याएवढा?"

"त्याहून मोठा."

"दोन तळ्यांएवढा?"

तुम्हीच सांगा, याला काय उत्तर द्यायचं? मी ठरवलं, पाठांतर नको. समुद्र करूनच दाखवायचा!

न्हाणीघरातलं मोठं घंगाळ अंगणात आणलं. चिखलाचा हिंदुस्थान केला, त्याला कडेनं सह्याद्री लावला, कागदाची गलबतं सोडली. शंभर भाग पाण्याला साडेतीन भाग मीठ, हे प्रमाण तीन पुस्तकांतून ताडून पाहिलं, तरी शंका आली म्हणून एक मूठ वर टाकली. मीठ अर्थात हिच्या बरणीतलं.

"अहो, वर्षाचं मीठ आहे ते!" ही, म्हणजे आमची मंडळी, स्वयंपाकघरातून ओरडली.

"अगं, विद्येसाठी आहे!"

"विद्येला अळणी चालत नाही का?"

मग रंगाचा प्रश्न आला. मी समुद्र एकदाच पाहिला होता, मुंबईला परीक्षेला गेलो तेव्हा, आणि तोही पेपरच्या धास्तीत. तो निळा होता की मातकट, हे मला आजही शपथेवर सांगता येणार नाही. पुस्तकात निळा आहे. म्हणून मी धोतराला घालायची नीळ आणली आणि पाण्यात ढवळली. अगदी नकाशातल्यासारखा समुद्र झाला! मुलींनी टाळ्या पिटल्या. आयुष्यात प्रथमच माझ्या तासाला टाळ्या पडल्या हो!

"पण मीठ कुठं गेलं?" कमलनं विचारलं. ही मुलगी फार विचारते.

"उन्हात ठेवू. पाणी उडून जाईल, मीठ मागं राहील."

ऊन येतं ते पुढच्या ओट्यावर, रस्त्याच्या बाजूला. तिथं मोठ्या परातीत त्यातलं थोडं पाणी ओतून ठेवलं. वैशाखातलं सोलापूरचं ऊन! दुपार कलली तोवर परातीत फिकट निळ्या मिठाचा थर. मी चष्मा पुसून पुसून पाहत होतो. प्रयोग साधला होता, आणि माझ्या हातून साधला होता!

एवढ्यात शेजारच्या गौरव्वा आल्या. या किराणा दुकानदाराच्या आई. घरी कानडी, गल्लीत मराठी, आणि दोन्हीकडे आवाज सारखाच मोठा.

"काय गं कमळे, हे काय वाळत घातलंय?"

"आजोबा समुद्राच्या पाण्याचं मीठ करताहेत," कमल म्हणाली. यात खोटं काय होतं? काहीच नाही!

गौरव्वा परातीकडं पाहत राहिल्या. मग माझ्याकडं पाहिलं, छातीवर हात ठेवला, "अय्यो शिवा!" म्हणाल्या आणि धावत गेल्या. सत्तर वर्षांची बाई धावत गेली!

मला वाटलं, ज्ञानाचा आनंद असाच असतो.

अर्ध्या तासात ओट्यासमोर पन्नास माणसं. गौरव्वा पुढं, हातात आरतीचं ताट. मला काही कळायच्या आत कपाळावर कुंकू, गळ्यात मोगऱ्याचा हार.

"मास्तर, आमाला वाटलं हुतं तुमी भित्रं," एक विणकर म्हणाला. "माफी करा. लई मोठं काम केलं तुमी!"

आता तुम्ही म्हणाल, इथं तरी माणसाला शंका यावी. अहो, मला सगळ्या गोष्टींची शंका येते! दाराला कडी लावली का, हे मी तीनदा उठून पाहतो. नेमकी त्या दिवशी नाही आली. मला वाटलं, अखेर या गल्लीला घरच्या शिक्षणाचं महत्त्व पटलं. मी ओट्याच्या कडेशी आलो आणि भाषण केलं.

"मंडळी, हे काम घराघरांत झालं पाहिजे! आणि मुलाबाळांच्या डोळ्यांदेखत झालं पाहिजे. मला घरातून विरोध झाला, पण मी थांबलो नाही. उद्या पुन्हा करीन, परवा पुन्हा करीन!"

काय तो जयजयकार! बायकांनी परातीतलं मीठ चिमूट चिमूट घेतलं, कपाळाला लावलं, तोंडात टाकलं.

"निळं कसं गं हे?"

"खऱ्या समुद्राचं हाय की! निळंच असनार!"

मी मान डोलावली. मला कौतुकच वाटलं, काय निरीक्षण आहे!

तेवढ्यात त्या विणकरानं विचारलं, "मग मास्तर, पकडाया कवा येनार? बिछाना बांधलाय न्हवं?"

"कोण येणार?"

"पोलीस की!"

तिथं माझ्या डोक्यात वर्तमानपत्राची घडी उलगडली. आणि तुम्हाला सांगतो, डोळ्यांसमोर पहिली कोण आली? भारतमाता नाही. पेन्शन!

मी हार काढायला हात वर केला, तो कमलनं माझं धोतर धरलं. चेहरा असा उजळलेला, की मी तिला कधी तसं पाहिलं नव्हतं.

"आजोबा, तुम्ही तुरुंगात जाणार? खरंच? मी तांब्या भरून देऊ बरोबर?"

त्या पोरीला मी काय सांगावं? आयुष्यात कुणी माझ्याकडं तसं पाहिलं नव्हतं. हिनंही नाही. एक क्षणभर, खरं सांगतो, एकच क्षण, मला वाटलं, जावं!

आणि गर्दी दुभंगली. हवालदार आला.

"मास्तर, हितं मीठ करताय म्हनं?"

तो क्षण संपला.

"छे छे! मुळीच नाही! हवालदारसाहेब, हे मीठ माझं नाहीच! हे हिचं आहे!" मी स्वयंपाकघराकडं बोट केलं. "हिच्या बरणीतलं! विचारा तिला! मी फक्त पाण्यात टाकलं आणि परत बाहेर काढलं!"

ही पदर खोचून बाहेर आली. "माझंच आहे! दुकानातून आणलेलं, करासकट! या गौरव्वांच्या मुलाच्याच दुकानातलं! आणि यांनी त्यात नीळ कालवली!"

"नीळ?" गौरव्वा म्हणाल्या.

हवालदारानं बोटावर चिमूट घेतली, चाखली, थू केलं. मग समोरच्या बायकांकडं पाहिलं. बायकांनी एकमेकींच्या जिभांकडं पाहिलं. मी कुणाकडंच पाहिलं नाही.

"विकतचं मीठ पान्यात टाकलं, आन वाळवून परत काडलं," हवालदार सावकाश म्हणाला. "व्हय?"

"होय."

"ह्यात गुन्हा न्हाय, मास्तर. तुमी मीठ करत न्हाय. तुमी मीठ नासताय."

आणि सायकलवर बसून गेला! माझं नावसुद्धा लिहून घेतलं नाही. सांगा, एम.ए. माणसाचा याहून मोठा अपमान असतो? अटकेला मी भीत होतो, हे खरं. पण मला अटक करण्याजोगं काही सापडूच नये?

गौरव्वा पुढं आल्या. "मास्तर, मान खाली करा."

मला वाटलं, समजूत घालताहेत. त्यांनी हार काढून घेतला. "देवाला घालते. तुमाला उगीच घातला."

बायका चूळ भरायला गेल्या. परात घेऊन मी आत आलो. कमलनं तांब्या भरलेला होता, तो तिनं हळूच रांजणात रिकामा केला.

दुसऱ्या दिवशी मी तास चुकवला नाही. शिक्षकानं चुकवू नये. दोघींना निबंध घातला, 'समुद्र'. मनूनं गलबताचं चित्र काढलं. कमलनं लिहिलं,

'समुद्र फार मोठा असतो. त्याचे पाणी खारट असते. तो कोणाला भीत नाही. आमच्या आजोबांनी समुद्र केला होता. पण पोलीस आल्यावर त्यांनी तो आजीचा आहे असे सांगितले.'

मी लाल पेन्सिल घेऊन तो निबंध चारदा वाचला. ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक नव्हती, वस्तुस्थितीची तर नव्हतीच.

पैकीच्या पैकी गुण दिले. दुसरं काय करणार?