संध्याकाळी सातचं ऊन

मी एका कासवाला जवळजवळ दोन महिने रात्री ऊन दिलं आणि दिवसा अंधार. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कितीही शहाण्यासारखं बोलले तरी तुम्ही भुलणार नाही.

तेव्हा मी चौसष्टची होते. आता त्या बाईकडे बघते तर ती मला पोरसवदाच वाटते. तिला सगळं येत होतं. नळाचा वॉशर ती स्वतः बदलायची. फ्यूजची तार एकदा तिने दिरांना न विचारता बसवली होती आणि घर जळालं नव्हतं, एवढ्यावर तिचा समज झाला होता की विजेतलं आपल्याला कळतं.

कासव नातीचं. मुलगा आणि सून दिवाळीनंतर नोकरीसाठी मस्कतला गेले, तिलाही घेऊन गेले. कासवाला मात्र नेता येणार नव्हतं. तळहाताएवढं, हिरवं, कानामागे लाल पट्टी ओढलेलं. नातीने ठेवलेलं त्याचं इंग्रजी नाव माझ्या जिभेवर काही बसलं नाही. मी त्याला ‘काय रे’ म्हणत असे आणि ते मान वर करत असे, म्हणजे नावाचं काम झालंच की.

निघताना नातीने काचेच्या टाकीवर हात ठेवून मला बजावलं, “आजी, याला रोज ऊन लागतं. नाही मिळालं तर त्याची पाठ मऊ होते आणि तो मरतो.”

“बरं.”

“नुसतं बरं नाही. प्रॉमिस कर.”

केलं. मला काय, ऊन म्हणजे आमच्याकडे घरची वस्तू. उमेळे गावात, या घरात मी लग्न होऊन आले तेव्हा मागे सगळी केळीची वाडी होती. राजेळी केळी सोलून आम्ही अंगणात मांडवावर सुकत घालायचो, सुकेळी करायला. सकाळी पसरायची, दुपारी परतायची, दव पडायच्या आत उचलून घरात घ्यायची. सासूबाई आभाळाकडे न बघता, नुसत्या पायाखालच्या सावलीवरून सांगायच्या, “उचला आता.” इतकं आमचं उन्हाशी येणंजाणं.

पण वाडी कधीच गेली होती. तिच्या जागी सात मजले उभे राहिले, आणि ऊन आता दुपारी पाहुण्यासारखं येऊन तुळशीच्या कट्ट्यावर जरा टेकून निघून जायचं. टाकी ज्या खोलीत होती तिथे तर तेही नाही. इमारतीबरोबर एक भिंतही आली, माझ्या आणि शेजारच्या बाईच्या घराच्या मध्ये. ती ख्रिस्ती, माझ्याच वयाची. बांध होता तेव्हा आम्ही त्याच्या दोन बाजूंना बसून पालेभाजी निवडायचो आणि आपापल्या सासवांची उणीदुणी काढायचो. भिंत झाल्यावर एकमेकींकडे जायचं तर मोठ्या रस्त्याने वळसा घालावा लागे. तिचे गुडघे, माझा कंटाळा. हळूहळू भिंतीच्या वर दिसणारी तिची एक खिडकी आणि तिला दिसणारी माझी एक खिडकी, एवढंच शेजारपण उरलं.

तर ऊन विकत आणायला मी स्टेशनजवळच्या मासे-पोपटांच्या दुकानात गेले.

“आजी, दोन बल्ब लागतील,” दुकानदार म्हणाला. “हा गरमीचा. दगडावर बसून तो अंग शेकणार. आणि हा यूव्हीबीचा. असली सूरज समझो. हाडं, कवच, सगळं याच्यावर.”

“एकात दोन्ही नाही येत?”

“येतं ना. पण ते लवकर जातं, मग तुम्ही मला शिव्या देणार.”

“होल्डर नको. घरी आहे.”

“कुठला? प्लास्टिकचा ना? वितळून कासवाच्या डोक्यावर पडेल. चिनी मातीचा न्या.”

मी नेला, दोन्ही बल्ब बसतील असा जोड. त्याने आणखी सांगितलं की टाकीवर काचेचं झाकण असेल तर काढा, जाळी टाका. काचेतून उजेड येतो, पण कासवाला हवं ते ऊन वरच अडतं. दिवा दगडापासून एक वीतभर उंच ठेवा. आणि बारा तास लावा.

हे सगळं त्या चौसष्टच्या पोरीने अक्षरशः पाळलं. झाकण काढलं, पीठ चाळायची जुनी चाळण टाकीवर घालून बघितली, ती लहान पडली तेव्हा तारेची जाळी कापून आणली. भिंतीला खिळा ठोकला, त्यात कपडे वाळत घालायच्या दोरीने होल्डर टांगला, मग ती दोरी पेट घेईल असं वाटून तार घातली. वीत घालून अंतर मोजलं. स्वतःची वीत लहान म्हणून बोटं ताणून मोजलं. कासव चढेल असा उताराचा दगड घातला. सगळं झाल्यावर लांब उभं राहून बघितलं आणि मनात म्हटलं, वा.

आणि मग ती संध्याकाळ व्हायची वाट बघत बसली.

कारण दिवा लावायचा तो दिवेलागणीला. दिवसाढवळ्या दिवा जाळला तर माझ्या सासरी घरभर बोलणी बसायची. दुकानदाराने बारा तास म्हटलं होतं, कुठले बारा ते मला सांगायची गरज त्याला वाटली नाही. मलाही विचारायची वाटली नाही. सातला देवापुढे निरांजन लावलं, त्याच हाताने कासवाचं बटण दाबलं, आणि सवयीने टाकीलाही नमस्कार केला. सकाळी सातला बंद. मग त्याला खायला घातलं, म्हटलं रात्रभर शेकून निघालंय, भूक लागली असेल.

खरं सांगायचं तर ती वेळ माझी वाईट जायची. हे जाऊन तीन वर्षं झाली होती, आता पोरंही गेली. चार खोल्यांचं घर. संध्याकाळी कुठल्या खोलीत दिवा लावायचा, कोणासाठी लावायचा, हे ठरत नसे, म्हणून मी कुठलाच लावत नसे. स्वयंपाकघरातून येणाऱ्या उजेडात बसून राहायचे. पण टाकीचा दिवा लागला की दगडावर पिवळं ऊन पडायचं, पाणी हललं की छतावर उजेड हलायचा. मी जेवणाचं ताट तिकडेच न्यायला लागले. आमटीत मीठ जास्त झालं, समोरच्या इमारतीत कोणी नवं आलं, सगळं कासवाला सांगायचे. ते दिव्याखाली बसून टक्क डोळ्यांनी माझ्याकडे बघायचं. मला वाटायचं, काय लक्ष देऊन ऐकतंय. बिचाऱ्याला झोपायचं होतं.

नातीचा फोन रविवारी संध्याकाळी यायचा. मी फोन टाकीसमोर धरायचे. “कसला भारी दिसतोय,” ती म्हणायची. मी फुगायचे.

मग कासव खाईनासं झालं. सकाळी टाकलेला सुका जवळा संध्याकाळी तसाच तरंगत असे. दगडावर चढायचं तेही थांबलं.

“आजी, खातोय ना तो?”

“खातोय गं. तुझ्यापेक्षा जास्त.”

पुढच्या रविवारी त्याचे डोळे सुजून मिटले होते. मी फोन जरा लांबून धरला आणि म्हटलं, झोपलाय. ती म्हणाली, “आजी, मला उन्हाळ्यात यायचंय. तो असेल ना?” मी म्हटलं, “असेल म्हणजे? जाईल कुठे?” फोन ठेवल्यावर टाकीजवळ जाऊन बसले आणि कासवाच्या पाठीला बोट लावून बघितलं, मऊ झाली का. मला ती मऊ वाटली, मग कडक वाटली, मग पुन्हा मऊ. त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला ओल्या फडक्यात गुंडाळून मासळीच्या टोपलीत ठेवलं आणि रिक्षाने विरारला नेलं. तिथे एक डॉक्टरीणबाई असले प्राणी बघतात असं दुकानदाराने सांगितलं होतं. रिक्षावाल्याने विचारलं, “मावशी, ताजी आहे का?” मी म्हटलं, “अजून तरी आहे.”

डॉक्टरबाईंनी त्याला उलटंसुलटं केलं, पाठ दाबली, डोळ्यांवर दिवा मारला.

“कवच ठीक आहे. यूव्हीबी लावता?”

“लावते की. बारा तास. जाळीतून, वीतभर उंचीवरून.”

“छान. किती ते किती?”

“संध्याकाळी सात ते सकाळी सात. दोन महिने होत आले.”

त्यांनी कासव हळूच टेबलावर ठेवलं. “आजी, रात्री?”

“मग दिवा कधी लावायचा?”

त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, “हा दिवा नाही हो, हे ऊन आहे. याला दोन महिने रात्रच मिळालेली नाही. आणि तुम्ही त्याला थंड पडल्यावर जेवायला घालताय, ते पचणार कसं?” डोळ्यांत घालायला औषध दिलं. “दिवस उजाडला की लावा, मावळला की बंद. मग पूर्ण अंधार. त्या खोलीत उजेडही नको, आवाजही नको. आठ-दहा दिवसांत खायला लागला तर ठीक.”

“आणि नाही लागला तर?”

“मग परत घेऊन या,” त्या म्हणाल्या, पण माझ्याकडे न बघता.

जन्मभर दवाच्या आत केळी उचलणारी मी. सासूबाई असत्या तर त्यांनी मलाच मांडवावर सुकत घातलं असतं.

त्या दिवसापासून संध्याकाळी मी बटण बंद करायला लागले. खोली एकदम विहिरीसारखी व्हायची. बाहेर जाऊन बसावं, तर तसंही करवेना. ते रात्रीत मेलं तर एकटं मरू नये, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. म्हणून मी तिथेच, टाकीशेजारी, खुर्चीवर गप्प बसायचे. बोलायची बंदी होती. नाताळ जवळ आला होता, भिंतीपलीकडे शेजारणीच्या खिडकीत कागदाचा तारा लागला होता, त्याचा लालसर उजेड काचेवर पडायचा तेवढाच. त्याच्यावरही मी पडदा ओढला.

दिवसा दिवा लावला की मला चोरी केल्यासारखं वाटायचं. चार-पाच दिवस काही नाही. मग एका दुपारी मी भांडी घासून आले तर कासव दगडावर चढलेलं, मागचे पाय लांब सोडून, डोळे अर्धे उघडे. कोलंबीचा बारीक तुकडा पुढे धरला. त्याने बराच वेळ विचार केला आणि माझ्या बोटासकट धरला. फार दुखलं. मी हात काढला नाही.

त्याच संध्याकाळी दिवा बंद करून मी खुर्चीवर बसले होते. पुढच्या दाराला कडी होती की नव्हती कोण जाणे, काठीचा आवाज आला, कोणीतरी ओटीवरच्या पाटाला अडखळलं आणि शिवी हासडली. आवाजावरून ओळखलं, शेजारीण. एवढा वळसा घालून, गुडघे घेऊन, हातात फडक्याने झाकलेली बशी.

“बत्ती गेली का तुझी?” तिने दारातूनच विचारलं.

“नाही. कासव झोपलंय.”

“कोन?”

मी तिला स्वयंपाकघरात नेलं, चहा टाकला आणि सगळं सांगितलं, नमस्कारासकट. ती इतकी हसली की डोळे पुसायला लागले तिला. मग तिने चहा संपवला. बशीतली करंजी माझ्याकडे सरकवली.

“या दिवाळीपासून रोज तुझ्या खिडकीत उजेड बघत होते,” ती म्हणाली. “वाटलं, पोरं गेलीच नाय, नायतर कोन पावनं राहायला आलंय. म्हनून नाय आले, म्हटलं तिला कशाला आपली आठवन. चार दिवस अंधार दिसला, तवा आले.”