स्प्रूसखालची सळई

हे मी माधवीलाही सांगितलेलं नाही. एका छपराखाली इतकी वर्षं काढली, माझ्या पोटातलं सगळं आपल्याला कळतं असा तिचा दावा आहे — आणि बहुतेक वेळा तो खराही असतो — पण हे तिला माहीत नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसाच्या डोळ्यांत बघून खरं बोलायची हिंमत माझ्यात नाही, हे पुढे कळेलच.

मी जमीनमोजणीचं काम करतो. नागपूरहून आलो तेव्हा नॉर्थ यॉर्कमधल्या एका ऑफिसात, दुसऱ्यांनी मोजून आणलेल्या जमिनींचे नकाशे कॉम्प्युटरवर काढत बसायचो. लायसन्स हवं तर बाहेर उभं राहून काम केल्याचा अनुभव लागतो. तो मला उत्तरेतल्या एका लहानशा गावात मिळाला, कारण तिथे जायला दुसरं कोणी तयार नव्हतं. एक रस्ता, एक ग्रोसरीचं दुकान, मागे तळं, आणि मग नुसतं जंगल. आमची ईशा तेव्हा लहान होती. कंडोची किल्ली परत करताना माधवी म्हणाली, "तुझं करिअर होईल रे, पण मी तिकडे बोलू कोणाशी?"

ती बोलली इर्माआजींशी.

इर्माआजी आमच्याच रस्त्यावर राहायच्या. लहानपणी आईवडिलांबरोबर फिनलंडहून आलेल्या, आता विधवा, एकट्या. आम्ही गेलो त्याच आठवड्यात त्या वेणीसारखा विणलेला गोड पाव घेऊन दारात उभ्या. माधवीने सुरी लावली आणि स्वयंपाकघरात वेलदोड्याचा वास सुटला. त्या पावात वेलदोडा घालतात! माधवी ओट्याला टेकून रडायलाच लागली, आणि इर्माआजींना वाटलं पाव बिघडला. हिवाळ्यात गाडीचं इंजिन प्लग लावून गरम ठेवायचं, हे आम्हाला त्यांनी शिकवलं. ईशा त्यांना ग्रँडमा म्हणायची.

बघा, मी पुन्हा वेलदोड्याच्या गोष्टीत रमलो. मुद्द्यावर यायचं टाळतोय.

त्यांच्या घरामागे तळ्याकाठी एक लाकडी खोली होती — सौना. चुलीवर दगड तापवायचे, त्यांवर पाणी टाकायचं आणि वाफेत घाम गाळत बसायचं. त्यांच्या नवऱ्याने, आर्वोने, ती स्वतःच्या हातांनी बांधलेली. आर्वो गेल्यावरही त्या दर शनिवारी तिथे जायच्या. शनिवारी मी आर्वोला आठवड्याभराचं सगळं सांगते, असं हसत म्हणायच्या. पण ते थट्टेत म्हटलेलं नव्हतं.

मग शेजारचा प्लॉट विकला गेला. नव्या मालकाला तिथे भाड्याने द्यायला कॉटेजेस बांधायची होती. त्याने हद्द मोजायचं काम आमच्या ऑफिसला दिलं, आणि ऑफिसने मला.

आमच्या धंद्यात एक गोष्ट आधी शिकवतात. पहिल्या मोजणीदाराने कोपऱ्यात ठोकलेली लोखंडी सळई सापडली, तर हद्द तीच. आजचं यंत्र काही का सांगेना. म्हणून आधी शोधायचं, मग मोजायचं. अगदीच सापडली नाही, तर दूरच्या खुणांवरून हिशेब करून नवी ठोकायची. इर्माआजींनी मला सळईची जागा सांगितली होती. सौनाच्या पलीकडे, स्प्रूसच्या मोठ्या झाडाच्या बुंध्याशी. आर्वो तिच्यावर बादली उपडी घालायचा म्हणे. नंतर वर माती आणि पानगळ साचत गेली.

मी गेलो तो दिवस भर हिवाळ्यातला. जोडीदार आजारी, मी एकटाच. धातू शोधायचं यंत्र झाडाखाली नेलं — आणि ते वाजलं. चांगलं खणखणीत वाजलं. बर्फ शोव्हल केला, कुदळ मारली. जमीन दगडासारखी. बर्फाच्या कपच्या तोंडावर उडत होत्या, बोटं कुठे आहेत ते कळत नव्हतं. आणखी थोडं खणलं असतं तर काय झालं असतं? काही नाही. पण ट्रकचा हीटर चालू होता. एखादा जुना खिळा असेल, डबा असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि जाऊन ट्रकमध्ये बसलो.

मग दूरच्या खुणांवरून मोजलं. रेघ सौनाच्या मधून गेली. मी नवी सळई ठोकली आणि नकाशावर लिहिलं की जुनी शोधली, सापडली नाही.

आमच्या आजोळी दुसऱ्याचा बांध कोरणाऱ्याकडे लोक पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. तो निदान स्वतःच्या पोटासाठी कोरायचा. मी कशासाठी कोरला? हात गरम करायला.

पण हा आळसच झाला. आळसाची लाज वाटते, पण तेवढ्यासाठी कोणी कबुलीजबाब लिहीत नाही. पुढचं सांगतो.

नव्या रेघेप्रमाणे सौना काढावा लागणार, ते बोलायला आम्ही इर्माआजींच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. नवा मालक, मी, आणि ओटावाहून आलेला इर्माआजींचा मुलगा टिमो. त्यांनी कॉफी ओतली आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, "डिड यू डिग, सन? अंडर द स्प्रूस?"

"येस, इर्मा. आय डग. देअर वॉज नथिंग."

कॉफीचं भांडं त्यांच्या हातातच राहिलं. टिमोने आईकडे बघितलं, आणि त्या बघण्यात राग नव्हता, काळजी होती. ती कसली, हे मला तेव्हा कळलं नाही. कळलं असतं तर बोललो असतो का? होय म्हणायला आवडेल मला.

बर्फ वितळल्यावर मी तिथे परत गेलो. कोणाला न सांगता, फावडं घेऊन. माती आता मऊ होती. वीतभर खाली चौकोनी लोखंडी टोक लागलं, गंजलेलं, पण ताठ उभं. सौना पूर्ण त्यांच्या बाजूला होता. तोवर एक फळीही निघालेली नव्हती. ऑफिसात जाऊन एवढंच म्हणायचं होतं की जुनी सळई मिळाली, नकाशा दुरुस्त करतो. बोलणी खावी लागली असती, नोकरी गेली नसती. पण लायसन्स नुकतंच हातात आलेलं, आणि गावात माझं कौतुक चाललेलं — फार बारकाईने काम करतो म्हणे हा. मी नीट न खणताच "खणलं" म्हणालो होतो, हे गावाला कळेल याची मला भीती वाटली. तेवढीच. मी माती परत लोटली, वर शेवाळ दाबलं आणि पायाने सारखं केलं.

पुढच्या शनिवारी सौना उतरवला. इर्माआजी अंगणात उभ्या राहून बघत होत्या. मी मान खाली घालून बाजूला उभा, तर त्या माझ्याजवळ आल्या आणि माझ्या दंडावर हात ठेवला. "डोंट फील बॅड," म्हणाल्या. "आय वॉज सो शुअर. आय मस्ट हॅव ड्रेम्ट इट." त्या माझी समजूत काढत होत्या. आणि मी ती काढून घेतली.

थोड्याच दिवसांत माधवी बातमी घेऊन आली. "अरे, टिमो इर्माआजींना ओटावाला मूव्ह करतोय. मेमरीचा प्रॉब्लेम आहे म्हणतो. ते सळईचं झालं ना, तेव्हापासून त्याला टेन्शन आलंय. त्यांनाही आता स्वतःची खात्री वाटत नाही."

त्या इतरही गोष्टी विसरत असतील, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं. विसरत असतील. मीही चाव्या विसरतो. मला कोणी घरातून उचलून नेलं नाही.

आम्ही अजून त्याच गावात आहोत. दर दिवाळीत माधवी त्यांना फोन लावायची आणि मग माझ्या हातात द्यायची, मी नको नको म्हणत असताना. त्या ईशाची चौकशी करायच्या, बर्फ पडला का विचारायच्या. शेवटच्या फोनला आवाज अगदी बारीक झाला होता. मध्येच थांबून, कोणी ऐकू नये अशा बेताने त्यांनी मला विचारलं, की सौनाजवळ एक मोठं झाड होतं ना? की तेही माझ्याच मनातलं?

मी म्हणालो, होतं. स्प्रूस होता, मोठा. अजून आहे.

"ओह, गुड," म्हणाल्या. केवढा हलका झाला तो आवाज. आणि मग त्या वाट बघत थांबल्या, आणखी काही सांगेन म्हणून. शेजारी माधवी हसून फोन मागत होती. मी तिला फोन दिला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्या गेल्या. सळई तिथेच आहे.